सोडा म्हटलं तरी

दोरीमावशींना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. पाळणाघरातली मुलं दोरीमावशी म्हणत, म्हणून मुलांच्या आया तेच म्हणू लागल्या, आणि मग जिन्याखालचा शिंपीसुद्धा. दोरी त्यांनीच केलेली. जुन्या चादरींच्या पट्ट्या वेणीसारख्या घट्ट विणलेल्या, हातभर अंतरावर मुलांनी धरायला एकेक कापडी कडं, प्रत्येकाचा रंग वेगळा. पुढचं टोक मावशींच्या मनगटाला, मागच्या टोकाला छोटी घंटी. घंटी वाजतेय म्हणजे शेपूट येतंय. सारखं मागे वळून बघायला नको.

रोज सकाळी सहा मुलांना घेऊन त्या बागेत जात. त्याच कामासाठी पाळणाघराच्या ताईंनी त्यांना ठेवलं होतं. त्याआधीचं उभं आयुष्य त्यांनी एका कारखान्यात, बिनखिडकीच्या खोलीत, खोक्यांना चिकटपट्ट्या लावण्यात काढलं होतं. त्यामुळे बागेत मुलांपेक्षा मावशीच जास्त हुंदडतात, असं ताई म्हणायच्या, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

रस्त्यात अंगावर येणारी माणसं मावशींना नवी नव्हती. सकाळीच झोकांड्या खाणारे, मुद्दाम हॉर्न वाजवून पोरांना दचकवणारे, "एवढी सगळी तुमचीच का हो आजी?" म्हणून दात काढणारे टोळभैरव. मावशींचं शास्त्र साधं होतं. तोंडाला लागायचं नाही, पळायचं नाही, गाणं थांबवायचं नाही आणि काही झालं तरी कडं सोडायचं नाही. हे शेवटचं अंगवळणी पडावं म्हणून त्यांनी एक खेळ काढला होता. चालता चालता त्या एकदम ओरडायच्या, "सोडा!" जो सोडेल तो फसला. जो फसणार नाही त्याला दुसऱ्या दिवशी हवं ते कडं.

त्या दिवशी घंटीजवळचं कडं मुंगीकडे होतं. मुंगी सगळ्यांत लहान; एरवी ती मावशींच्या हाताशीच असायची. पण आदल्या दिवशी ओरडून, गुदगुल्या करूनही तिनं मूठ उघडली नव्हती, आणि बक्षीस म्हणून घंटी मागितली होती. शब्द दिला तो दिला.

वळणावर एक काळी गाडी फुटपाथवर अर्धी चढवलेली होती. शेजारी इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस फोनवर कोणावर तरी खेकसत होता. जाता जाता बटाट्यानं, म्हणजे ओळीतल्या गुबगुबीत गड्यानं, गाडीच्या दारावरून बोट फिरवलं.

"ए! हात कोणी लावला? ए म्हातारे, ही मेंढरं आवर!"

मावशींनी गाण्याचं पुढचं कडवं घेतलं.

"तुझ्याशी बोलतोय मी! बहिरी आहेस का?"

"मावशी, ते काका तुम्हाला म्हणतायत," वकीलसाहेब म्हणाले. वकीलसाहेबांचे दुधाचे दात अजून पडायचे होते, पण शंका संपत नसत.

"माहितेय. तू गा."

दारुड्याला उत्तर दिलं नाही की तो विसरून जातो. हा माणूस शुद्धीत होता, आणि उत्तर न मिळण्याची त्याला सवय नव्हती. घंटी थांबली. मावशी वळल्या, तर दोरीचं शेपूट त्याच्या मुठीत.

"आता जाऊन दाखव. आधी माफी माग."

मावशींनी हात जोडले. "चुकलं साहेब. लेकरं आहेत. जाऊ द्या."

"लेकरं आहेत तर घरात ठेवायची!" आणि त्यानं हिसका दिला.

"सोडा!" मावशी ओरडल्या. "सोडा रे सगळे!"

एकानंही सोडलं नाही. बटाट्यानं तर दुसरा हातही लावला. "आम्ही नाही फसणार!" वकीलसाहेब खिदळले. दुसऱ्या हिसक्याला ओळच्या ओळ कोलमडली. मुंगी हनुवटीवर आपटली आणि कडं धरूनच त्याच्या बुटांपर्यंत फरफटत गेली.

समोरचा इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून बघत राहिला. एका बाईनं फोन उंच धरला होता. "साहेब, जाऊ द्या," असं कोणीतरी म्हणालं, पण तोवर त्यानं हात झटकून दोरी टाकलीच होती. "वळण म्हणून नाही पोरांना," म्हणत तो गाडीत बसून निघून गेला.

मुंगीच्या हनुवटीला टाके पडले. तिचे बाबा आरडाओरडा करतील याची मावशींनी तयारी ठेवली होती. ते हळूच म्हणाले, "सोड म्हटल्यावर सोडायचं, एवढंच शिकवायचं होतं हो."

ताई म्हणाल्या, "मावशी, तुमच्यावर माझा राग नाही. पण सोडा म्हटल्यावर ही सोडतात, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी एकालाही उंबरा ओलांडू देणार नाही. आठवडाभर बघा. नाहीच जमलं तर... घरातल्या घरात सांभाळायला मी आहेच."

त्या 'आहेच'चा अर्थ मावशींना बरोबर कळला.

पाळण्यांमधल्या जागेत शिकवणी सुरू झाली.

"आता खेळ नाही हं. खरंखुरं. सोडा!"

मुठी आणखी आवळल्या. मुलं एकमेकांकडे बघून गालात हसली.

"मागच्या वेळीपण तुम्ही खरंखुरं म्हणाला होतात," वकीलसाहेबांनी आठवण करून दिली. ते खरं होतं.

मावशींनी शब्द बदलून पाहिला. मुलांना वाटलं, नवी युक्ती. बिस्किटं दाखवली. एकदा रागावल्या, तेव्हा बटाटा रडला, पण रडता रडताही त्यानं कडं सोडलं नाही. बोटं एकेक करून उलगडली, तर ती पुन्हा मिटली. पालथ्या घड्यावर पाणी. इतकं पक्कं त्यांनी आयुष्यात दुसरं काही शिकवलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी मुंगी आली, हनुवटीवर पट्टी लावून. मावशींनी तिच्यापुढे तिचं कडं धरलं. मुंगीनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

ताई दारात आल्या.

"सोडा," मावशी म्हणाल्या.

पाच मुठी गच्च.

ताई दूध तापवायला आत गेल्या. मावशींनी मनगटावरचं टोक सोडवून जमिनीवर ठेवलं, पिशवी घेतली आणि चपला पायांत सरकवल्या. मुलांना वाटलं, निघायचं. पाचही जणं ओळीनं पाळण्यांभोवती चालू लागली, गाणं म्हणत, पुढचं मोकळं टोक जमिनीवर लोळवत.

"आज बाग नाही वाटतं?" जिन्याखाली शिंप्यानं मशीन थांबवून विचारलं.

"नाही," मावशी म्हणाल्या.

वर घंटी वाजत होती. त्या मागे न बघता रस्त्याला लागल्या.