येते गो

आईचं परदेशात ज्या नावाने नाव झालं, ते तिचं नाव नव्हतं. ती तिच्या पत्रांतली शेवटची ओळ होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी रोह्याला एका टायपिंग क्लासात शिकवत होते. टाइपरायटरवर बसायला मुलं नाखूष असायची, येतानाच ‘कॉम्प्युटर कधी?’ विचारायची. शेवटी क्लासच्या मालकांनी, आम्ही त्यांना सर म्हणायचो, मागच्या खोलीत कॉम्प्युटर आणले आणि काही दिवसांनी त्यांतल्या एकाला इंटरनेट जोडून घेतलं. मोडेम खरखर करायचा, मध्येच कोणाचा फोन आला की सगळं तुटायचं. सर म्हणाले, “बाई, तुमच्या कपाटातला खडूसुद्धा जागेवर असतो. हे तुम्हीच सांभाळा.”

मी सांभाळलं. सकाळी काय करायचं, दुपारी काय करायचं, याची यादी मशीनवर चिकटवली. सरांचा भाऊ अमेरिकेत होता. परदेशातल्या आपल्याकडच्या माणसांची एक मेलिंग लिस्ट होती, तिच्यात त्याने मला घातलं. तिथे एकाने लिहिलेलं सगळ्यांना जायचं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. ‘वाळ’ की ‘वाल’ हे संदर्भावरून ओळखायचं.

आई पेणला रामवाडीत एकटी राहायची आणि पोह्याचे पापड करायची. दर रविवारी मी एसटीने नागोठण्यावरून तिच्याकडे जायचे. अशाच एका रविवारी तिला या लिस्टबद्दल सांगितलं. ती पापड लाटत होती. लाटणं थांबलं.

“सगळ्या देशांतली माणसं हायेत त्याच्यात? इस्राएलची पण?”

“असतील.”

“मंग माझी मैत्रीण शोध.”

ही मैत्रीण मी कधी पाहिली नव्हती, पण तिच्याबद्दल ऐकतच मोठी झाले होते. आईचं माहेर रोह्याजवळच्या एका खेड्यातलं. शेजारी तेलाचा घाणा असलेलं घर होतं, बेने इस्राएली म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं. शनिवार त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा वार; त्या दिवशी घाणा बंद असायचा आणि चूल पेटत नसे. आई शनिवारी आपल्या घरची गरम भाकरी फडक्यात घालून तिकडे न्यायची. त्यांच्याकडे मलिदा, म्हणजे नवसाचा गोड पोह्यांचा प्रसाद, व्हायचा तेव्हा पोह्यांचं ताट आधी आईच्या हातात यायचं. दोघी एकमेकींना ‘गो’ म्हणायच्या. घर बारा पावलांवर असलं तरी निघताना एकीने म्हणायचं, “येते गो,” आणि दुसरीने म्हणायचं, “ये गो.”

आई लग्न होऊन पेणला आली. मैत्रिणीचं लग्न झालं आणि काही वर्षांनी ती नवऱ्यामुलांसह इस्राएलला निघाली. आई निरोपाला रोह्याच्या एसटी स्टँडवर गेली होती. गाडी सुटताना मैत्रीण खिडकीतून म्हणाली, “जाते गो.”

आई स्टँडवर सगळ्यांसमोर ओरडली, “जाते काय म्हणतेस? येते म्हण! येते म्हण गो!”

ती काही बोलली नाही. गाडी गेली. सुरुवातीला थोडी पत्रं आली, मग त्यांनी घर बदललं आणि पत्ता हरवला. आईच्या मनात मात्र ते ‘जाते’ तसंच अडकून राहिलं होतं. घरातून निघताना ‘जाते’ म्हणू नये हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं, आणि हिने समुद्रापलीकडे जाताना तो शब्द काढला.

“सापडली तर काय सांगू?” मी विचारलं.

“काय नाय. एकदा येते म्हण, म्हणावं. मंग मी मरायला मोकळी.”

“काहीतरी बोलू नकोस.”

“मंग लवकर शोध.”

मी मैत्रिणीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, घाणा असं सगळं व्यवस्थित लिहून लिस्टवर टाकलं. उत्तर नाही. कोणीतरी एवढंच कळवलं की तिकडे गेल्यावर पुष्कळांनी आडनावं बदलली, असं कोणी सापडायचं नाही. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “बाई, एकदा हाक मारून कोण ओ देतं? रोज ओरडणाऱ्या भाजीवालीचा आवाज गल्लीत पाठ होतो. तसं करा. तिच्या घरातल्या कोणाच्या तरी कानावर एक दिवस पडेल.”

मला ते पटलं. आवाज आईचा असणार होता आणि बाकीचं काम माझं. नेम ठरवून टाकला. पत्र दर सोमवारी जाणार, चुकायचं नाही. आई रविवारी पापडांचं, रांधण्याचं सांगेल तसंच लिहायचं, शहरी करायचं नाही. आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं. भांडणात पडायचं नाही. आणि शेवटची ओळ कायम एकच: ‘येते गो.’ ती ओळ आईनेच मागितली. “तिला तेवढ्यावरून कळेल. दुसऱ्या कोणाला नाय कळलं तरी चालेल.”

पण ओ आधी दुसऱ्यांनीच दिली. कोणी विचारायचं, थंडीत वालाला मोड येत नाहीत, काय करू? आई सांगायची, “फडक्यात बांध आणि गोधडीत ठेव, पोरासारखं. आणि सारखं उघडून बघू नकोस, पोरसुद्धा उठतं.” एकीचे पापड तळताना लाल व्हायचे. “लिव तिला, तेल फार तापलंय. बाई तापलीये का तेपण बघ. नवऱ्यावरचा राग पापडावर काढू नये.” मुलगी मराठी बोलत नाही म्हणून रडणाऱ्या एका आईला तिने कळवलं, “तू रडतेस ती कुठल्या भाषेत? पोरगी तेवढी तरी शिकेल.”

लोक सोमवारची वाट बघू लागले. एका पावसाळ्यात नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं, एसटी बंद झाली आणि मला पेणला जाता आलं नाही. त्या सोमवारी पत्र गेलं नाही, तर आजी ठीक आहेत ना, म्हणून विचारणा आल्या. आईला आता कोणी पापडवाली म्हणत नव्हतं. सगळे ‘येतेगो आजी’ लिहायचे, एका शब्दात, आडनावासारखं. सर म्हणाले, “बाई, हा ब्रँड झाला. कंपन्या यासाठी किती खर्च करतात, तुम्ही एका ओळीत केलात.”

सुट्टीवर आलेला एक गृहस्थ तर भाड्याची गाडी घेऊन पेणच्या स्टँडवर विचारत फिरला, “येतेगो आजी कुठे राहतात?” रिक्षावाल्यांनी त्याला आधी वेड्यात काढलं, मग पापडाचं नाव घेतल्यावर रामवाडीत आणून सोडलं. त्याने आईच्या पाया पडून पापड घेतले, आईबरोबर फोटो काढला. तो गेल्यावर आई हसत सुटली. “येतेगो म्हणे! मी कुठं येते? मी तर घरातच बसलेय.”

तेव्हा मीही हसले होते.

हसून झालं की ती दर रविवारी तेच विचारायची. “तिचं काय?” मी म्हणायचे, “नाही अजून.” ती पिठाची लाटी हातात घेऊन थोडा वेळ नुसती दाबत बसायची. ज्यांना ती ओळखत नव्हती अशी किती माणसं तिला ओळखू लागली होती, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिचा पत्ता नव्हता.

मग कोणीतरी त्या ओळीचाच अर्थ विचारला. ‘आजी, तुम्ही दर वेळी येते का म्हणता?’ आईने त्या रविवारी पापडांचं काही सांगितलं नाही. घाणा, शनिवारची भाकरी, मलिद्याचं ताट, रोह्याचा स्टँड, खिडकीतला ‘जाते’ हे सगळं तिने न थांबता सांगितलं. मी टाइप केलं. नाव घातलं नाही. आई म्हणाली, “तिला नाव लागत नाय.”

त्या पत्राला खूप उत्तरं आली. त्यांत एका अनोळखी पत्त्यावरून एकच ओळ होती, ‘मलिद्याला पोहे जाड घ्यायचे की पातळ?’

रविवारी मी ती वाचून दाखवली आणि आई ताडकन उठून उभी राहिली. “मलिदा कोण विचारतं? तिच्याच घरचं कोणतरी हाय! लिव, जाड घ्यायचे. पातळाचा लगदा होतो. आणि लिव, तुझी आई बरी हाय का? की आजी? कोण हायस तू?”

मी लिहिलं. उत्तर आलं नाही. मी पुन्हा लिहिलं. तरी नाही. आई मात्र बदलली. पत्रं सांगताना आता ती एकाच माणसाशी बोलायची, हे मला जाणवायचं. पापडाबद्दल सांगता सांगता मध्येच म्हणायची, “तुला आठवतं ना गो, तुमच्या मागच्या दारी शेवगा होता,” आणि मग मला, “ते नको घालू.” मी घालायचे. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

नव्या पोह्यांचे दिवस होते. सोमवारी मशीन उघडलं तर त्याच पत्त्यावरून लांब पत्र होतं. मी ते क्लासात वाचलं आणि रविवारपर्यंत कोणाला सांगितलं नाही. रविवारी कागद घेऊन पेणला गेले. आई पाटावर पापड लाटत होती.

“आलं ना?” माझ्या तोंडाकडे बघून ती म्हणाली. “वाच.”

मी वाचलं.

‘मी तिची मुलगी. माझं मराठी बोलायचं आहे, लिहायचं नाही. चुकलं तर माफ करा. आई गेली. एक महिना झाला. तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, हात चालत नव्हता. मी ऑफिसात तुमची पत्रं छापून घ्यायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावले की तिला वाचून दाखवायचे. तिने पहिल्याच पत्राला ओळखलं. मी म्हणायचे, उत्तर लिहू? ती म्हणायची, नको, कशी हायस विचारील. बरी झाले की मीच लिहीन. मलिद्याचं मी तिला न सांगता विचारलं होतं. तिला कळलं तेव्हा रागावली.

‘तुमची स्टँडची गोष्ट वाचली तेव्हा ती खूप हसली. म्हणाली, मला ठाऊक होतं परत यायचं नाय. मग येते कसं म्हणू? तिच्याशी खोटं बोलू?

‘शेवटची ओळ वाचली की ती दर वेळी मोठ्याने म्हणायची, ये गो. पुढे ती पुष्कळ विसरायला लागली. मग ती खरंच तुमची वाट बघायची. मैत्रीण येणार म्हणून मला पलंगावर धुतलेली चादर घालायला लावायची. मी सांगायचे, आई, ती बोलायची रीत आहे. ती म्हणायची, ती खोटं नाय बोलत. शेवटच्या शुक्रवारीपण चादर घातली होती.’

आई लाटत होती. पोह्यांचं पीठ उघडं राहिलं तर वाळतं, त्यामुळे हात थांबवता येत नाही. होत्या तेवढ्या लाट्या तिने संपवल्या. मी पापड उचलून चटईवर घालत राहिले. मग तिने लाटणं पुसून ठेवलं.

“ती खरं बोलली,” ती म्हणाली. “आणि मी तिच्यावर स्टँडवर वराडले.”

मी चटईवरचा शेवटचा पापड सरळ केला.

“मी काय बोलले? दर आठवड्याला येते, येते. आणि गेले? तिनं पलंग करून ठेवलान.”

“आई, ती बोलायची रीतच असते ना.”

म्हणून झाल्यावर लक्षात आलं, मैत्रिणीच्या मुलीने हेच शब्द वापरले होते आणि तिच्या आईने ते ऐकले नव्हते. माझ्याही आईने ऐकले नाहीत.

मुलीला काय लिहू, विचारलं तर ती म्हणाली, “सुखात ऱ्हा म्हणावं. आणि चादर उचल म्हणावं आता.” मग लिस्टवरच्या प्रश्नांचा कागद मागितला. कोणी विचारलं होतं, उन्हाशिवाय पापड वाळवावेत कसे. तिने सांगितलं, पंख्याखाली, कापडावर, उलटून पालटून. नेहमीसारखं, पण हसण्याजोगं एकही वाक्य नव्हतं. मी लिहून घेतलं आणि सवयीने तिच्या तोंडाकडे बघत थांबले.

“झालं,” ती म्हणाली.

सोमवारी मी ते तसंच पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून उत्तरं यायला लागली. ‘पत्र अर्धवट आलंय.’ ‘शेवटची ओळ राहिली, पुन्हा पाठवा.’ ‘तुमच्या मशीनमध्ये बिघाड आहे का?’ एका बाईने लिहिलं होतं, ‘ती ओळ नसेल तर हे आजींचंच आहे हे आम्ही कसं ओळखायचं?’ मी सगळ्या कागदांची चळत करून रविवारी पेणला नेली आणि एकेक वाचून दाखवलं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“लिव त्यांना,” ती म्हणाली, “येते म्हणणारी ती म्हातारी आली नाय.”

मी तेवढंच लिहिलं. त्यानंतर आम्ही लिस्टवर काही पाठवलं नाही. लोक काही दिवस विचारत राहिले, मग थांबले. सर हळहळले, “एवढं नाव झालं होतं, बाई.” झालं होतं. ज्या घरी पोचायला हवं होतं, तिथे पोचलंही होतं.

ती चळत वाचून दाखवली त्या रविवारी निघताना मी चपला घातल्या, पिशवी उचलली आणि दारातून नेहमीसारखं म्हटलं, “येते.”

आई ‘ये’ म्हणाली नाही. चटईवरचे पापड उलटता उलटता तिने विचारलं, “कधी?”

“रविवारी.”

“मंग तसं म्हण.”

मी म्हटलं, “रविवारी येते.”

“ये गो,” आई म्हणाली.