अनुक्रमणिकेतलं मोठं नाव

गाण्यातल्या चार माणसांनी मिळून मासिक काढलं की पुढं त्यातले लेख कुणाला आठवत नाहीत, रुसवेफुगवे तेवढे आठवतात. आमचं संगीताचं मासिक परभणीत निघायचं, निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या काही वर्षांत. आज माझ्याकडं त्याचे अंक कमी आणि किस्से जास्त उरलेत. त्यातले बरेचसे माझ्याच जळफळाटाचे आहेत. आता वय झालं, सांगायला लाज वाटत नाही.

आम्ही चौघं होतो. शिवलिंगअप्पा कापडाचे व्यापारी, गळ्यात लिंग, ओठावर सदा एखादं भजन. मासिक त्यांच्या हौसेवर चालायचं. खाजामियाँ छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. भुजंगराव मूळचा झरीचा, गळा गोड, गाणं शिकवायचा. आणि मी लक्ष्मणराव, शाळेत मास्तर. तबला वाजवायचो आणि तालावर लेख लिहायचो.

*

मुखपृष्ठावर चित्र छापायची सोय नव्हती, म्हणून तिथं अनुक्रमणिकाच छापायची असं ठरलं. पहिल्या अंकाची मी केली. शाळेच्या पुस्तकात असते तशी. ‘त्रितालाचा विस्तार : काही विचार. पान ३.’ अंक अप्पांच्या दुकानात मांडून ठेवले. धोतरजोडीची घडी बांधून होईपर्यंत गिऱ्हाईक अंक उचलायचं, वरचं पान वाचायचं आणि होता तिथं ठेवून द्यायचं.

भुजंगराव तीन दिवस हे बघत होता. चौथ्या दिवशी म्हणाला, “मास्तर, राग नका धरू. आत काय हाय ते तुमी सांगायलाव. पण आत कशाला जायचं, ते कुठं सांगायलाव?”

त्यानं वरचं पान नव्यानं लिहिलं आणि छापून घेतलं. माझा लेख तोच, एक काना बदलला नव्हता. वर मात्र ठळक ओळ होती : ‘तबलजी गवयावर का रुसतो? पान ३ पाहा.’

आठवड्याच्या आत अंक संपले. अप्पांनी दुकानातच भुजंगरावाच्या गळ्यात हार घातला आणि मला म्हणाले, “मास्तर, टाळ्या वाजवा की.”

मी वाजवल्या. तालात वाजवल्या.

*

त्यानंतर महिन्याभरानं जिंतूरकडचा एक शेतकरी सीताफळांची पाटी घेऊन दुकानात आला. गावच्या भजनात पखवाज वाजवायचा. “ते तबलजी रुसतो लिवणारे कोण?” त्यानं विचारलं. अप्पांनी भुजंगरावाकडं बोट केलं. त्यानं पाटी भुजंगरावापुढं ठेवली आणि पाया पडला.

“लय मनातलं लिवलं बघा. आमचा बुवा अस्साच हाय.”

भुजंगराव माणूस सरळ. लगेच म्हणाला, “लेख या मास्तरांचा हाय. मी फकस्त वरची ओळ लिहिली.”

शेतकऱ्यानं माझ्याकडं नीट बघितलं. “असं का,” तो म्हणाला. “आतलं वाचायचं राह्यलंय अजून.”

पाटी भुजंगरावापुढंच राहिली. घरी जाताना त्यानं चार सीताफळं माझ्या पिशवीत टाकली. आंबट निघाली असती तर मला बरं वाटलं असतं. लय गोड निघाली.

*

पुढं अनुक्रमणिका भुजंगरावानंच करायची असा पायंडा पडला. लेखांची नावं जाड खिळ्यांत, लिहिणारांची बारीक. पण गाण्यावरचे लेख भुजंगरावाचे असायचे आणि वाचक त्याच्या नावावर येतात म्हणून अप्पांनी त्याचं नावही जाड करायला सांगितलं. शाळा सुटल्यावर एकटाच छापखान्यात गेलो.

“खाजामियाँ, या खेपेला माझं नाव पण मोठं करा. कुणाला सांगू नका.”

त्यांनी खिळ्यांची पेटी बराच वेळ चाळली. “मास्तरसाब, मुश्किल है. मोटे टाइप में आपका ‘क्ष्म’ नहीं.”

भुजंगरावाच्या नावातली सगळी अक्षरं मात्र त्या पेटीत होती. मी म्हणालो, “जमेल तसं करा, पण मोठं करा.”

अंक आला. खाजामियाँनी शब्द पाळला होता. मुखपृष्ठावर, भुजंगरावाच्या नावाएवढंच जाड : ‘लखमनराव’.

घरी मी अंक बायकोपुढं ठेवला. तिनं कौतुकानं तो उजेडाला धरून वाचला आणि विचारलं, “हे लखमनराव कोण नवीन आलेत तुमच्यात?”

*

एकदा भुजंगरावाच्या ओळीनं आम्हाला कचेरीत नेलं. त्यानं एका रागावर लेख लिहिला होता. हल्लीचे गवई या रागातला कोमल गंधार नीट लावत नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. अनुक्रमणिकेत ओळ टाकली : ‘गंधाराने गादी का सोडली?’

निजामाची गादी डळमळायला लागली होती, त्यामुळं हा शब्द कचेरीत कुणालाच सहन होत नव्हता. दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं. भुजंगराव त्या दिवशी झरीला गेला होता, म्हणून मी गेलो. खरं सांगतो, जाताना भीती होती तितकीच मजाही वाटत होती. एकदाचा त्या ओळींचा हिशेब होणार होता.

साहेबापुढं अंक होता. ओळीखाली लाल रेघ मारलेली. “ये गंधार कौन है? किसकी गद्दी छोडी?”

“हुजूर, गंधार माणूस नाही. सूर आहे.”

“सूर है तो गाकर बताइये.”

मी तबलजी. आयुष्यात कुणी मला गायला सांगितलं नव्हतं. कचेरीतल्या सगळ्या कारकुनांसमोर मी सा, रे म्हणत गंधारापर्यंत पोचलो आणि तिथंच घसरलो. साहेब हसायला लागले. हसता हसता डोळे पुसत म्हणाले, “वाकई छोड दी.” मग ओळीवर बोट ठेवून विचारलं, “ये किसने लिखा?”

मी एक क्षणही थांबलो नाही. भुजंगरावाचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, घराची खूणही सांगितली.

दुसऱ्या दिवशी चपराशी त्याच्या दारात उभा राहिला. वहिनी रडायला लागल्या. आपण हे काय केलं, असं वाटून मी संध्याकाळपर्यंत त्याच्या ओट्यावर बसून राहिलो.

दिवे लागायच्या आत भुजंगराव परत आला. अंगावर नवी शाल, कानात अत्तराचा फाया. साहेबांनी त्याला बंगल्यावर बसवून दोन तास गाणं ऐकलं होतं.

“मास्तर,” तो म्हणाला, “माझं नाव तुमी सांगितलंत म्हणं. दुसऱ्या कुणी ओळ आपलीच म्हणून सांगितली असती. तुमच्यासारखा माणूस न्हाई.”

*

तरी माझी खोड जात नव्हती. एका अंकात त्याचा लेख होता. अनुक्रमणिकेत ओळ : ‘आवाज बसला की गवई काय खातो? पान ११.’ शेवटची मुद्रितं तपासायला माझ्याकडं आली. मी ११ चं १७ केलं. पान सतरावर माझा झपतालावरचा लेख होता. म्हटलं, एकदा तरी लोक माझ्या पानावर येतील.

पंधरा दिवसांनी पिंगळीहून एका कीर्तनकाराचं पत्र आलं. अप्पांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. ‘माझा आवाज बसला होता. आपण सांगितल्याप्रमाणे पान १७ उघडले. दोन पाने वाचली तोच अशी गाढ झोप लागली की तशी वर्षात लागली नव्हती. उठलो तो आवाज मोकळा. उपाय रामबाण आहे. भुजंगरावांना माझा साष्टांग नमस्कार.’

*

मग मुलखात धामधूम सुरू झाली. कागद मिळेना, लोक गाव सोडायला लागले. मासिक बंद पडलं. भुजंगरावानं काही दिवस वऱ्हाडात सासुरवाडीला जाऊन राहायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरी गेलो. तो टांगा आणायला गेला होता. वहिनी ट्रंक भरत होत्या. एवढी पुस्तकं नेणं शक्य नव्हतं, म्हणून कोणती मागं ठेवायची ते त्यांनी मलाच विचारलं. मी ढीग चाळायला लागलो. त्यात एक जाड पुस्तक हाताला लागलं, पाठीला चामडं लावून नीट बांधलेलं.

“ते ठिवू नका भावजी,” वहिनी म्हणाल्या. “ते आधी भरा म्हणून सांगून गेलेत. मासिकातलंच हाय. वरची पानं फाडून टाकली, त्यांचे सोताचे लेख बी काढून टाकले. तुमचे तेवढे बांधून घेतले. रोज पहाटे रियाजाच्या आधी वाचतेत.”

मी पुस्तक उघडलं. त्रिताल होता, झपताल होता. माझा एकही लेख सुटला नव्हता. समासात त्याच्या बारीक अक्षरात खुणा होत्या, मात्रा मोजलेल्या होत्या.

आणि प्रत्येक लेखाच्या डोक्यावर, जिथं माझं नाव छापलेलं होतं, तिथं पानाला चौकोनी भोक होतं. पात्यानं, पट्टी लावून, सरळ कापलेलं. पहिल्यापासून शेवटच्या लेखापर्यंत.

“वहिनी, हे?”

“त्यांनीच केलंय. कामून ते मी इचारलं न्हाई.”

तेवढ्यात टांगा दाराशी थांबला. भुजंगराव आत आला. माझ्या हातातलं उघडं पुस्तक त्यानं पाहिलं, मी भोकं पाहिलीत हेही पाहिलं. जळफळाट माझा एकट्याचाच नव्हता तर. त्यानं पुस्तक माझ्या हातातून हळूच घेतलं, मिटलं, धोतरात गुंडाळलं आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवलं.

मग झाकण लावत म्हणाला, “मास्तर, ठेसनापर्यंत यायलाव ना?”

मी ट्रंकेची दुसरी कडी धरली.