आक्काचं द्राक्षाचं औषध

आमच्या घरात दारू कधीच आली नाही, असं मी पन्नाशी ओलांडेपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. माझी थोरली बहीण, आक्का, तर एसटीत शेजारच्याच्या तोंडाला वास आला तरी जागा बदलते. आणि नेमकी तीच करकंबहून चिनी मातीची बरणी मांडीवर घेऊन आमच्याकडे सोलापूरला आली.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. रक्त कमी आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. आक्काकडे त्यावर उपाय होता. काळ्या द्राक्षांचा रस, गूळ आणि धायटीची फुलं बरणीत घालायची, तोंड कणकेनं लिंपायचं आणि महिनाभर बरणी गव्हात पुरून ठेवायची. तिच्या तिन्ही बाळंतपणांत तिनं हेच घेतलेलं. जेवण झालं की ती पोरीसमोर वाटी धरायची आणि पोर तोंड वाकडं करून पिऊन टाकायची. लहानपणी ती बराच काळ आक्काकडे राहिलेली. आक्काला नाही म्हणणं तिला कधी जमलंच नाही.

दोन-चार दिवसांनी तिनं मला बाजूला घेतलं. "बाबा, ते प्यायलं की कान गरम होतात. तुम्ही एकदा बघा ना."

बाजारातून आणलेली भाजी मी घरी पुन्हा वजन करून बघतो. अंदाजावर माझा विश्वास नाही. मी अर्धी वाटी मोजून घेतली. काही जाणवलं नाही, म्हणून आणखी अर्धी घेतली, कारण एकाच चाचणीवरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही. मग विजेचं बिल तपासायला बसलो. बायको म्हणते, मी बिलाकडे बघून हसत होतो आणि शेजाऱ्यांना हाक मारून त्यांची पाण्याची टाकी किती सुंदर आहे ते सांगत होतो. ते मला आठवत नाही. एकच बेरीज दोनदा वेगळी आली, हे मात्र आठवतं. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

"रक्त चढतंय," आक्का समाधानानं म्हणाली.

"आक्का, ही दारू आहे," मी म्हणालो. वाक्य पुरं करायला थोडा वेळ लागला.

"माज्या हातची? द्राक्षं आपल्या बागंतली हायत की."

दुसऱ्या दिवशी आक्का, पोर आणि मी, तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी लहान बाटलीत नेलेलं औषध हुंगलं आणि झाकण लावून टाकलं. गोड रस असा बंद करून ठेवला की त्याची दारूच होते, म्हणाल्या. ती बाळापर्यंत पोहोचते, आणि बाळाचा मेंदू तर नऊ महिने घडतच असतो.

मग आपली तीन पोरं धड कशी, असं आक्कानं विचारलं. बाईंनी शांतपणे समजावलं. दारू पचवण्याचा वेग प्रत्येकीचा वेगळा, तो आईबापांकडून येतो. बाळही स्वतःचा वारसा घेऊन येतं. त्यात आईचं खाणंपिणं चांगलं असेल तर कदाचित कमी बाधतं, अंगात रक्त नसेल तर जास्त. त्यामुळे एकीला चाललं ते दुसरीला चालेल, असं म्हणता येत नाही.

मी विचारलं, किती मिलिलिटरपर्यंत चालतं? असा आकडाच नाही, म्हणाल्या. अंदाजे तरी? शून्य, म्हणाल्या. शून्य हाही आकडाच आहे, असं मी म्हणणार होतो, पण पोरीनं चिमटा काढला.

तिला एकच विचारायचं होतं, पोटात गेलं त्याचं काय. बाई म्हणाल्या, एवढ्याशानं धोका कमी आहे, काळजी करत बसू नका. आजपासून बंद, आणि नीट जेवा. आक्काचा चेहरा जरा उजळला, तशा त्या तिच्याकडे वळून म्हणाल्या, चांगलं जेवलं म्हणून पुन्हा घ्यायला मोकळीक, असं नाही.

आम्ही उठलो. दारात आक्का थांबली. तिचा मधला मुलगा चौथीत दोनदा बसला होता. आजवर आम्ही सगळे ते त्याच्या बापाच्या घराण्यावर ढकलत आलो.

"मधल्याचं ध्यान कदी लागलं न्हाय, बाई. ते ह्यानं झालं का?"

आता ते कुणालाच सांगता येणार नाही, बाई म्हणाल्या. कारणं कितीतरी असतात, तुम्ही डोक्यावर घेऊ नका. आक्कानं मान हलवली.

घरी आल्याबरोबर तिनं बरणी स्वतः मोरीत ओतली. गल्लीभर वास सुटला. शेजारी कुंपणापाशी आले, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता परत गेले.

जेवताना आक्कानं पोरीच्या ताटात मेथी, दोन अंडी आणि तीन भाकऱ्या वाढल्या. डॉक्टरीणबाईनं खायला सांगितलंय, म्हणाली. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी आमटीकडे पाहिलं. मग तिनं स्वतःच दोन भाकऱ्या उचलून परत टोपल्यात ठेवल्या.

"एवढं नाही जात मला, आत्या. नको."

आक्काचा हात थांबला. "आस्सं. मग त्या औषदालाबी न्हाय म्हनायचं हुतंस की गं, येडे."

"म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?"

आक्कानं खरंच विचार केला.

"न्हाय," ती म्हणाली, आणि आमटी वाढली.