एफ मायनरचा हट्ट

आमच्या कीबोर्ड क्लासमध्ये बोटांपेक्षा तोंडं जास्त चालतात. माझं नाही, बाकीच्यांची! मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत असते, त्यामुळे कुणाचाही किस्सा शेवटी माझ्याकडेच जमा होतो. या वर्षी तर इतके जमलेत, की थोडे सांगून टाकल्याशिवाय नव्यांना जागाच नाही.

सिल्वासात एका मेडिकलच्या वर आमचा क्लास आहे. मॅडम मूळच्या पुण्याच्या, रीतसर पियानो शिकलेल्या. त्यांचे मिस्टर नरोलीच्या एका कंपनीत मॅनेजर झाले म्हणून इकडे आल्या. या वर्षी त्यांनी जाहीर केलं, "क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात सिनेमाची गाणी बंद! युरोपातल्या जुन्या बरोक काळातले प्रिल्यूड आणि फ्यूग वाजवायचे. चोवीस जोड्या आहेत, प्रत्येक स्केलची एक. सगळ्या ऐका आणि आपली आवडती निवडा."

प्रिल्यूड म्हणजे सुरुवातीचं मोकळं वाजवणं. फ्यूगमध्ये एक आवाज एकटाच धून म्हणतो. तो पुढे सरकला की दुसरा तीच धून घेऊन येतो, मग तिसरा. पहिले मात्र गप्प बसत नाहीत. आणि हे सगळं दोनच हातांनी!

मला एफ मायनर स्केलची जोडी ऐकताक्षणी आवडली. तिच्या फ्यूगमध्ये चार आवाज आहेत. मॅडम म्हणाल्या, "तुझे दोन आवाजच अजून एकमेकांच्या पायात येतात. हा पुढच्या वर्षी बघू."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, याच वर्षी.

*

धवल अकरावीत आहे. नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, त्यामुळे त्याचा हात भन्नाट चालतो. त्याने पाच काळ्या पट्ट्यांचं अवघड स्केल निवडलं. आम्ही सगळे गार! वाजवलंही सफाईने. पण मॅडम जवळ गेल्या, तर हा सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर वाजवत होता.

"धवल, हे काय?"

"ट्रान्सपोजचं बटण मारलंय ना मॅडम! ऑर्केस्ट्रात आम्ही सगळं सी स्केलमध्येच वाजवतो. गायक म्हणेल ते स्केल बटण देतं."

"अरे, चोवीस घरं वेगवेगळी आहेत. प्रत्येकात राहून बघायचंय. तू एकाच घरात बसून बाहेरची पाटी बदलतोस!"

"मॅडम, सामान हलवायला नको ने!"

*

पवार काका मूळचे धुळ्याचे, धाग्याच्या कंपनीत सुपरवायझर. मुलीसाठी कीबोर्ड घेतला, मुलीने महिनाभरात सोडला, म्हणून स्वतःच शिकायला लागले. फ्यूग म्हणजे काय ते मॅडमनी त्यांना फळ्यावर बाणबिण काढून समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"समजलं मॅडम. आमच्या घरी रोज असतं हे."

"म्हणजे?"

"मी ड्यूटीवरून आलो की आई सांगते, गॅस संपला. ती बोलत असतानाच बायको येते, गॅस संपला. मग पोरगी. पहिली कोणी थांबतच नाही!"

मॅडम हसल्या. "मग तुम्हाला तीन आवाजांचा देऊ?"

"नको हो! दोनचाच द्या. इथे तरी जरा आराम."

*

पुढच्या आठवड्यात धवलने शहाण्यासारखं बटण न मारता फ्यूग सुरू केला. उजव्या हाताने पहिला आवाज म्हटला. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. दुसरा आवाज घेऊन डावा हात आला, आणि एकदम धडाधड ढोल वाजायला लागला!

आदल्या दिवशी गरब्याची प्रॅक्टिस होती. डाव्या हाताने सूर दाबला की ताल आपोआप सुरू, ही सोय त्याने बंदच केली नव्हती. डावं बोट दर वेळी नवा सूर दाबत होतं आणि कीबोर्डमधला बँड दर वेळी दचकून कॉर्ड बदलत होता. घाबरून धवल जास्तच जोरात वाजवू लागला. पवार काकांनी तर टाळीचा ठेका धरला.

मॅडमनी जाऊन सरळ प्लग काढला.

काका हळूच म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? मला आज पहिल्यांदा फ्यूग कळला."

*

घरी मी रोज संध्याकाळी एफ मायनर वाजवायचे. तो फ्यूग सावकाश, अर्ध्या अर्ध्या सुराने चाचपडत जातो. माझ्या हातात तर तो जास्तच सावकाश जायचा. एक दिवस वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन पदर सावरत दारात आल्या.

"बेन, घरमां बधुं बराबर छे ने?"

आई गोंधळली. "हो. का हो?"

"चार दिवसांपासून ऐकते. म्हटलं, गावी कोण वारलं की काय."

"छे हो! आमची लेक आवडीने वाजवतेय."

हंसाबेननी माझ्याकडे बघितलं. मग आईचा हात धरून बारीक आवाजात विचारलं, "शाळेत काय झालंय का हिला?"

त्या दिवसापासून आईने मागे लकडा लावला, "दुसरं काहीतरी आनंदी निवड की गं!" मी दार लावून घेतलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

*

क्लासमध्ये मला बोलून सांगता येत नव्हतं. म्हणून माझा नंबर आला की मी स्टँडवर एफ मायनरचं पान उघडायचे. मॅडम पानं उलटून त्यांनी माझ्यासाठी ठरवलेला सी मायनर काढायच्या. मी तो वाजवायचे, आणि उठताना पुन्हा एफ मायनर उघडून ठेवायचे. असं बरेच दिवस चाललं.

एकदा मॅडमनी उलटायला हात पुढे केला आणि मी पान दाबून धरलं.

"हात काढ."

"नाही."

सगळे थांबले. धवल ओरडला, "मॅडम, ही बोलली!"

मॅडमनी हात मागे घेतला. "कार्यक्रमात अडकलीस तर मी मदतीला येणार नाही."

मी मान डोलावली. या वेळी खरी.

*

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे, इंडस्ट्रियल इस्टेटमधले एक मोठे साहेब, आणि त्यांच्या शेजारी मॅडम. धवल झाला, पवार काका झाले, शेवटी मी.

प्रिल्यूड नीट गेला. फ्यूगचे तीन आवाज आले. चौथा आला आणि माझी बोटं एकमेकांत अडकली. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मला उठून पळावंसं वाटत होतं. मी हात मांडीवर ठेवले, श्वास घेतला आणि फ्यूग पहिल्यापासून सुरू केला.

या वेळी चौथा आवाज आला, पण थोडं पुढे जाऊन पुन्हा सगळं थांबलं. मागच्या रांगेत खुर्च्या वाजल्या. धवल पडद्याआडून "उठ, उठ" अशा खुणा करत होता. मी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू केलं.

तिसऱ्यांदा चारही आवाज शेवटपर्यंत पोचले.

टाळ्या थांबल्यावर पाहुणे मॅडमकडे झुकले. मी स्टेजच्या पायऱ्या उतरत होते, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं.

"एक विचारू का मॅडम? हे जे मधेच दोनदा थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, ते मूळ रचनेतच आहे का?"

एक सूर चुकला तरी अख्खं पान परत वाजवायला लावणाऱ्या आमच्या मॅडमनी चष्मा नीट केला.

"हो," त्या म्हणाल्या. "तसंच लिहिलंय."