टेस्टच्या मशीनवर नारळ

"काकू, तुमची टेस्ट खोटं बोलते! आज पुन्हा लाल!" आमचा मॅनेजर केदार टाचा उंचावून साहेबांसमोर ओरडत होता.

थांबा. असे किस्से आमच्या मुलुंडच्या ऑफिसात एसीच्या जाळीवरच्या धुळीसारखे साचतात. झटकणारी मी एकटीच!

आम्ही पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट छापायचं सॉफ्टवेअर बनवतो. कॉलेजचं तोंड न पाहता, साठी उलटल्यावर, मी ते नीट चालतं का हे तपासणारी ऑटोमॅटिक टेस्ट लिहिली. माणसाऐवजी स्क्रिप्टच माउस हलवते, बटणं दाबते. त्यासाठी एक वेगळं मशीन. साहेबांची अट एकच: सलग सात दिवस हिरवा निकाल, म्हणजे टेस्ट पास, नाहीतर मशीन घरी आणि काकूही घरी.

पहिल्याच दिवशी केदारने आपल्या जागेवरून रिमोटने त्या मशीनमध्ये डोकावून पाहिलं, मग रिमोटची खिडकी बंद केली. स्क्रीन लॉक! स्क्रिप्ट अंधारात बटण शोधतेय.

"तिला दिसत नाही का, काकू?"

"तुझ्या डोळ्यांवर रुमाल बांधते, तू शोध!"

मग आमच्या ऑफिसातली नेहा. एमसीए! अक्षरं बारीक दिसतात म्हणून मोठी केली. बटणं सरकली. स्क्रिप्टने 'सेव्ह'च्या जागी 'डिलीट' दाबलं. बाईसाहेब म्हणतात, "पण आता वाचता येतं ना!"

खंडेनवमीला केदारने मशीनची पूजा केली. कीबोर्डवर हळदकुंकू, फूल आणि बरोब्बर एन्टरवर नारळ! एकाच पेशंटचा रिपोर्ट छापत सुटलं.

"श्रद्धा आहे, काकू," केदार.

"देव पावला की! कागद संपेपर्यंत पावला."

शेवटी मी स्क्रीन लॉक काढलं, अक्षरांचा आकार पक्का केला, मशीनचे अपडेट टेस्ट चालू नसेल त्या वेळेला लावले. कीबोर्ड-माउस माझ्या कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. वर एक सोय केली: टेस्ट अडली की स्क्रिप्ट स्क्रीनचा फोटो काढून ठेवणार.

सहा दिवस हिरवे. झकास! सातव्या दिवशी लाल.

"ही शेवटची संधी होती. अट म्हणजे अट, काकू," साहेब म्हणाले. केदारचा चेहरा खुलला.

"फोटो तरी बघा," म्हणत मी तो भिंतीवरच्या टीव्हीवर लावला. ऑफिसात एवढ्या एकाच मशीनवर सगळ्या साइट उघडतात, हे रिमोटने आत शिरणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या सॉफ्टवेअरच्या डोक्यावर लग्नाच्या साइटचा फॉर्म बसलेला. नाव: केदार. उंची: पाच फूट दहा इंच.

साहेबांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग केदारकडे.

मी म्हटलं, "केदार, जरा भिंतीला टेकून उभा राहा बघू."