करवंटीच्या दिव्यांमागचं गाणं

अमेरिकेत, अॅरिझोनातल्या चँडलरमध्ये अच्युतनना सगळे ओळखत ते चिपच्या कारखान्यातले रिटायर्ड इंजिनिअर म्हणून. गराजमध्ये बसून ते कातड्यातून राम, सीता, हनुमानाच्या बाहुल्या कोरतात, हे बायको सुभद्रेखेरीज फक्त शेजारच्या सुमेधाताईंना ठाऊक. सुमेधाताई कुडाळच्या. त्यांच्याकडेही कातडी बाहुल्यांचे खेळ होत, म्हणून दोघांचं चांगलं जमे.

अच्युतन पालक्काडकडच्या एका खेड्यातले. तिथे भगवतीच्या देवळासमोर पांढऱ्या पडद्यावर सावल्यांचं रामायण चाले. समोर बहुतेकदा चिटपाखरूही नसे. राम-रावणाचं युद्ध झालं तेव्हा देवी दुसऱ्या असुराशी लढत होती, ते पाहायचं तिचं राहून गेलं. हा खेळ तिच्यासाठी, असं मामा सांगत. मामा पडद्यामागे गात, आणि छोटा अच्युतन त्यांच्या मांडीला टेकून पेंगे. ती पदं त्याच्या झोपेतच मुरली.

मागच्या उन्हाळ्यात अच्युतनना स्ट्रोक आला. हातपाय वाचले, बोलणं गेलं. पाणी मागायचं असलं की शब्द डोळ्यांपुढे तरंगे. धरायला जावं तर विरघळे. बोलणं शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे जाणं त्यांनी सोडूनच दिलं. दिवसभर अंगणातल्या संत्र्याच्या झाडाखाली बसून राहत.

हिवाळ्यात एकदा दिवेलागणीला सुमेधाताई आल्या. ‘‘भाऊ, आज मला खेळ दाखवा. बोलू नका हो, नुसत्या बाहुल्या मूव्ह करा.’’

त्यांनी नको म्हणून हात हलवला, पण सुभद्रेने तोवर दोन झाडांमध्ये पांढरं मुंडू, केरळी धोतर, पडद्यासारखं बांधलंही होतं. करवंट्यांमधले दिवे लागले. अच्युतननी हनुमान उचलला. त्यात कोरलेल्या भोकांमधून उजेड पाझरला, कापडावर सोनेरी थेंब थरथरले. हळूहळू अॅरिझोना मावळत गेलं. ओल्या लाल मातीचा वास आला, गालाखाली मामांचं खरखरीत धोतर लागलं. मामा गातायत, अच्युतनना वाटलं. किती दिवसांनी गातायत! ते ऐकत राहिले, हनुमान समुद्रावरून तरंगत राहिला.

मग दिसलं, की सुभद्रा तोंडावर हात धरून रडतेय. गाणारा गळा मामांचा नव्हता, अच्युतनचाच होता. सीतेच्या हाती अंगठी पडेपर्यंत एक शब्द चुकला नाही.

पद संपलं आणि शब्द पुन्हा पळाले. पण सुमेधाताईंनी दुसऱ्याच दिवशी त्यांना थेरपिस्टकडे ड्राइव्ह करून नेलं. थेरपिस्ट म्हणाली, ‘‘गाण्याची वाट मेंदूत वेगळी असते. त्याच वाटेने बोलणं आणू या.’’

तेव्हापासून घरात सगळं गाऊन चालू झालं. ‘‘चहा की कॉफी?’’ सुभद्रा विचारी, आणि उत्तर हनुमानाच्या पदाच्या चालीत येई. वसंतात ते अडखळत का होईना, साधं बोलू लागले. राग आला की मात्र अजून गाऊनच भांडतात. सुभद्रेला हसू आवरत नाही, मग त्यांनाही.