गुणगुणणारा पट्टा

माणूस अंतराळात जाऊन सुखरूप परत आला, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मी बेळगावहून बंगलोरला पीएच.डी. करायला आले होते आणि मल्लेश्वरमला मामा-मामींकडे राहत होते. विषय ठरत नव्हता. एकदा आमचे सर फळ्याकडे पाठ करून म्हणाले, "अंतराळात माणसाचे डोळे कामात, कान रेडिओत. खाली-वर काही उरलेलं नाही. आपण कुठल्या बाजूला कलतोय, हे त्याला कुणी सांगायचं?"

"त्वचेनं," मी म्हटलं. "ती बिचारी रिकामीच बसलेली असते."

सर हसले नाहीत. "मग तेच कर," म्हणाले.

घरी हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "आपल्याकडून कोण जाणार आहे तिकडे?" पण माणसाच्या अंगाला न बघता, न ऐकता किती कळू शकतं, या कुतूहलानं मला पुरतं पछाडलं होतं.

मोडीत निघालेल्या टेलिफोनांमधल्या कानाशी धरायच्या चकत्या मी गोळा केल्या. वीज सोडली की त्या थरथरत. मामींनी जाड कापडाचा पट्टा शिवला आणि डाव्या-उजव्या बाजूला खिसे करून त्यांत चकत्या बसवल्या. पहिल्यांदा पट्टा कमरेला बांधून बघायचा मान त्यांनी स्वतःकडेच घेतला. मी बटण दाबलं.

"अगंबाई, पदरात भुंगा शिरला!" त्या ओरडल्या. मग डोळे मिटून आपल्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाल्या, "स्वल्प थांब. पुन्हा कर. आता उजवीकडे. आता डावीकडे. सरी, कळतंय की!"

राहिली ती माणसाला बसवून कलवायची खुर्ची. यशवंतपूरला एक न्हाव्याचं दुकान बंद होत होतं. तिथली गरगर फिरणारी खुर्ची मी टांग्यासारख्या जटक्यात घालून आणली. घोडा सारखा मागे वळून बघत होता. ती खुर्ची आम्ही दोन्ही बाजूंना झुलणाऱ्या एका फळीवर बसवली. फळी कलली की काचेच्या वाकड्या नळीतला पारा त्या बाजूला धावायचा, तारेला तार जोडली जायची आणि पट्ट्याची तीच बाजू थरथरायची. बसणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी, कानांत कापूस, हातांत जाड चामडी मोजे. आधी त्याला गरगर फिरवायचं, म्हणजे डोक्यातली दिशा पार विस्कटून जाते. मग त्यानं मांडीवरच्या फळीवर नट-बोल्ट जोडत राहायचं आणि पट्ट्याच्या सांगण्यावरून खुर्ची सरळ ठेवायची.

बसायला सरांनी हवाई दलातले एक वैमानिक आणले. मूळचे कोडगूचे, म्हणजे कूर्गचे, उंच, बोलायला मोकळे. त्यांनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"मॅडम, आम्हाला सुरुवातीलाच एक गोष्ट शिकवतात. ढगात शिरलं की शरीराचं ऐकायचं नाही. ते खोटं बोलतं."

"तुमच्याशी बोललंय?"

"एकदा. मला वाटत होतं, मी अगदी सरळ चाललोय. काटा सांगत होता, पंख खाली गेलाय. माझा काट्यावर विश्वास बसेना. मग ढग संपला आणि खिडकीत भाताची शेतं भिंतीसारखी उभी दिसली." त्यांनी पट्ट्याकडे बोट दाखवलं. "तेव्हापासून मी फक्त काट्याचं ऐकतो. आणि तुम्ही मला पुन्हा कातडीचं ऐकायला सांगताय."

तरी ते बसले. पहिले काही आठवडे हाती काही लागलं नाही. पट्टा डावीकडे थरथरला की ते आधी विचार करत, मग शंका घेत, मग उजवीकडे झुकत. तोवर खुर्ची फळीच्या टोकाला टेकलेली असे. नट हातातून निसटून खोलीभर घरंगळत. मी ते गोळा करताना ते म्हणायचे, "सोडून द्या हो," आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर.

मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की ते माझ्याशी गप्पा मारताहेत. मिरीच्या वेलांबद्दल काहीतरी सांगत होते. हात नट फिरवत होते आणि खुर्ची जवळजवळ सरळ होती.

"आता पट्ट्याकडे लक्ष आहे?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"कुठला पट्टा?" ते म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

पुढच्याच खेपेला ते पडले. पट्ट्याची तार दोन पिनांच्या साध्या खटक्यानं जोडलेली होती. तो खटका उलटाही बसायचा, आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःच चुकून तो उलटा बसवला होता. खुर्ची डावीकडे कलली, पट्टा उजवीकडे थरथरला आणि ते क्षणाचाही विचार न करता आणखी डावीकडे झुकले. बाजूला गादी होती म्हणून वाचले. मी धावले. ते डोळ्यांवरची पट्टी काढून गादीवर पडल्या पडल्या हसत होते.

"जिंकलात मॅडम! मी तुमच्या पट्ट्यावर विश्वास ठेवला!"

मीही हसले. मला खरंच आनंद झाला होता. शरीराचं कधीही न ऐकणारा माणूस कातडीच्या एका थरथरीवर आडवा झाला होता. पण उठून बसेपर्यंत त्यांचा चेहरा बदलला.

"हे विमानात झालं असतं तर?" ते म्हणाले. "काचेमागचा काटा अडकला तर तो अडकलेला दिसतो तरी. तुमचा पट्टा गप्प बसला, तर मी सरळ आहे म्हणून तो गप्प आहे की मेलाय म्हणून, हे मला कसं कळणार?"

या प्रश्नानं माझ्या कामाचं तोंडच फिरवलं. खटका उलटा बसणार नाही अशी पिन लावणं सोपं होतं. गप्प बसण्याचं काय करायचं, ते मात्र सुचेना. सर म्हणाले, "घाई करू नकोस. प्रश्न चांगला आहे." मी बसमध्ये, जेवताना, केस विंचरताना तोच विचार करत असे. एका सकाळी मामी दळण निवडत होत्या आणि शेजारच्या अक्कांशी बोलताना मधूनमधून "हं, हं" करत होत्या. अक्का सांगत राहिल्या. मामींचं "हं" एकदा चुकलं, तेव्हा अक्का थांबून म्हणाल्या, "ऐकतेस ना गं?"

मी न्याहारीचं ताट तसंच टाकून उठले. पट्टा कधी गप्प बसताच कामा नये! सगळं ठीक असताना दोन्ही बाजूंनी अगदी हलकी, संथ टिकटिक. कललं की त्या बाजूला जोराची थरथर. आणि काहीच जाणवलं नाही तर समजायचं की पट्टा मेला. वैमानिकांना तो बांधला. थोड्या वेळानं त्यांना टिकटिक जाणवेनाशी झाली. मग मी न सांगता वीज तोडली. त्यांचे हात तिथल्या तिथे थांबले.

"बंद पडला," ते म्हणाले.

प्रबंध त्याच टिकटिकीवर झाला. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्क परीक्षक आले होते. त्यांना हा प्रकार पोरखेळ वाटत होता. मी विनंती केली म्हणून त्यांनी कोटावरून पट्टा घट्ट बांधून घेतला आणि तसेच प्रश्न विचारू लागले. जी टिकटिक विसरलीच जाते तिचा उपयोग काय, असं ते मला ठासून सांगत होते. मी टेबलाखालचं बटण बंद केलं.

ते वाक्याच्या मधेच थांबले आणि खाली कमरेकडे बघायला लागले. सरांनी खिडकीबाहेर तोंड वळवलं.

"पुन्हा सुरू करा पाहू," परीक्षक म्हणाले. आणि मग त्यांनी पुढचा तासभर पट्टा काही सोडला नाही.